जलदुर्ग बघायला मोठी क्रूझ नको, छोटं जहाज का हवं? कारण इंदुरीजवळच्या कुंडमळ्यात सापडतं

15 जून 2025, रविवार. मावळात इंदुरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीचं पाणी बघायला गर्दी लोटली होती. माणसांनी भरलेला जुना लोखंडी पूल नदीत कोसळला. 4 जणांचा जीव गेला, 50 हून अधिक जखमी झाले.

त्यानंतर 26 दिवसांनी, 11 जुलैला, पॅरिसहून आनंदाची बातमी आली. मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात इंदुरीच्याच तालुक्यातला लोहगड आहे. शिवाय खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे बेटांवरचे, तर विजयदुर्ग हा किनाऱ्यावरचा किल्ला.

या दोन बातम्यांचा संबंध काय? गर्दी. वारशाचा शिक्का बसला की रील्स येतात, रील्सच्या मागे माणसं येतात. लोहगडावर ही गर्दी पायऱ्यांनी चढेल. खांदेरीला मात्र होडीतूनच जावं लागेल, आणि होडीत जास्तीची चार माणसं बसली की काय होतं हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच एक पर्याय बोलायला हवा: मोजकी माणसं, सोबत जाणकार आणि किल्ल्यांच्या कडेकडेनं जाणारं छोटं जहाज. कल्पना नवी नाही. ब्रिटनच्या स्वान कंपनीनं 1954 मध्ये ग्रीसची प्राचीन स्थळं दाखवायला अशी सफर काढली. तिच्यावर व्याख्याता कोण होता? मॉर्टिमर व्हीलर. त्याच्या दहाच वर्षं आधी ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले होते!

समुद्रातूनच का बघायचं?

कारण हे किल्ले समुद्रातून येणाऱ्यासाठीच बांधलेत. खांदेरीचंच घ्या. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर बांधकाम सुरू केलं. इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला. त्यांच्याकडे 'रिव्हेंज'सारखी मोठी लढाऊ बोट होती. पण मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या रात्री, कमी पाण्यातून, सामान आणि माणसं घेऊन बेटावर पोचायच्या. मोठ्या जहाजांना तिथे शिरताच यायचं नाही. शेवटी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. वर्गात नकाशावर हे दोन मिनिटांत वाचून होतं. थळच्या किनाऱ्यावरून निघून ओहोटीच्या वेळी खांदेरीजवळ गेलं की मग लहान होडीची ताकद कळते.

दुसरं कारण जाणकाराचं. 'हेलियमचा शोध 1868 मध्ये विजयदुर्गावर लागला' हा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो बरोबर नाही. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. नॉर्मन लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टिपली, तीही इंग्लंडमधून. लॉकियर विजयदुर्गाला आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, म्हणजे 30 वर्षांनी. खरी गोष्टही काही कमी भारी नाही, पण ती सांगणारं कुणी सोबत नसलं की पर्यटक चुकीची गोष्ट घेऊन घरी जातो आणि पुढे फॉरवर्ड करतो.

मग आजवर झालं काय?

ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली. नाव कान्होजी आंग्रेंच्या घराण्याचं, पण प्रवास रात्रभराचा. त्यामुळे आंग्रेंचे किल्ले अंधारातच मागे पडायचे. 2020 मध्ये कोरोनात तीही थांबली. 2025 च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर मुंबई ते जयगड, विजयदुर्ग अशी रो-रो सेवा जाहीर झाली. चाकरमान्यांसाठी ती उपयोगाची आहे, यात वाद नाही. पण गाडी घेऊन गावी पोचवणं आणि किल्ला समजावून सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत.

सुरक्षेचा हिशेब तर आपल्याकडे जुनाच आहे. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि 600 हून अधिक माणसं गेली. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली. 15 जणांचा मृत्यू झाला. धडक दुसऱ्याची होती, पण फेरीबोटीत परवानगीपेक्षा जास्त प्रवासी होते हेही समोर आलं.

छोट्या जहाजाचा मोठा फायदा इथेच आहे. जेवढे बंक, तेवढीच तिकिटं. ऐनवेळी दहा जण वाढवायला जागाच नसते.

अडचणी आहेत. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणजे हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. खर्च सामान्य घराला परवडणारा नसेल, हा आक्षेप तर अगदी रास्त. शाळा-कॉलेजांसाठी राखीव फेऱ्या आणि सरकारी अनुदान नसेल तर ही फक्त श्रीमंतांची सहल होईल. आणि मालवण, हर्णैच्या होडीवाल्यांचं काय? जहाज दूर नांगरून किल्ल्यापर्यंतची शेवटची फेरी त्यांच्याच होड्यांनी, ठरलेल्या दरात आणि लाइफ जॅकेटसह करणं शक्य आहे. सुवर्णदुर्गासाठी आजही हर्णैहून होडीच करावी लागते.

कुंडमळ्याला पूल धोकादायक असल्याचा फलक होता. पुलावर किती माणसं चढली, हे मोजणारं मात्र त्या रविवारी कुणी नव्हतं.