चूक पतंगाची कीं दिव्याची?

मृगाचा पाऊस पडून गेला कीं पनवेलींत दिवेलागणीस पंख फुटलेली वाळवी व पतंग दिव्यांभोंवतीं गर्दी करतात, आणि सकाळीं ओटीवर पंखांचा केर गोळा करावा लागतो. ‘दिव्याच्या मोहानें मेले,’ असें आपण सहज म्हणून जातों. कवींनीं ही कल्पना इतकी घोळली आहे कीं ती खरी असेल काय, अशी शंकाच आम्हांस कधीं आली नव्हती.

सन २०२४ मध्यें लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील व फ्लॉरिडांतील संशोधकांनीं अतिवेगवान कॅमेऱ्यांनीं टिपलेलें निरीक्षण प्रसिद्ध केलें. पतंग काय किंवा चतुर काय, दिव्याकडे झेपावत नाहींत. ते त्याच्याकडे पाठ करतात! रात्रींही आकाश जमिनीहून उजळ असतें. उडतांना हिसके बसत असतां वर कोणतें व खालीं कोणतें, हें नुसत्या अंगाच्या भारावरून नीट कळत नाहीं; म्हणून उजेडाकडे पाठ ठेवावी, म्हणजे अंग सरळ राहतें, हा त्यांचा फार प्राचीन नियम. दिवा बाजूस असला कीं किडा कलून फेऱ्या घालूं लागतो. त्याच्या वरून जाऊं लागला तर उताणा होऊन कोसळतो.

मग त्याला मूर्ख कां म्हणावें? त्याच्या डोळ्यांनीं दगा दिला नाहीं; आम्हींच त्याच्या वाटेंत खोटें आकाश टांगलें. बाहेरच्या दिव्यांस वरून झांकण असावें व निजतांना ते मालवावे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आमच्या ओटीवरचा दिवा आतां नऊ वाजतां मालवतों. आजीला मात्र हें अजून पसंत नाहीं.