पिकअप व्हाया किन्हवली

पावसाची पहिली सर आली, की माझ्या मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज येतात. एक- 'माळशेजला कधी जायचं?' आणि दोन- 'बॉस, कोणती बाईक घेऊ?' पहिल्याचं उत्तर सोपं आहे. शनिवार-रविवार सोडून कधीही! दुसऱ्याचं मात्र अवघड, कारण विचारणाऱ्याने गाडी आधीच ठरवलेली असते. स्पेक शीटमध्ये हॉर्सपॉवरच्या आकड्याखाली रेघ मारून झालेली असते, टाकीचा रंगही पक्का असतो. माझ्याकडून त्याला फक्त 'सही आहे, घेऊन टाक' एवढंच ऐकायचं असतं.

तर मंडळी, या वेळी ते स्पेक शीट घेऊन आपण जरा शहापूर-मुरबाडला जाऊ. आसनगावहून माहुलीचे सुळके बघत शहापूर गाठायचं, तिथे मुंबई-आग्रा हायवे सोडायचा, भातसा ओलांडून किन्हवली आणि पुढे सरळगाव. सरळगावला कल्याण-अहिल्यानगर रस्ता लागतो (आपला जुना कल्याण-नगर). डावीकडे वळलात तर टोकावडे, वैशाखरे, मोरोशी करत माळशेजचा पायथा. उजवीकडे मुरबाड आणि तिथून साधारण तीस किलोमीटरवर कल्याण. एका दिवसात हायवे, गावातला रस्ता आणि घाट, तिन्हींची परीक्षा. शोरूमवाले ज्या सरळसोट, सपाट रस्त्यावर टेस्ट राइड देतात, तिथे सगळ्याच गाड्या सॉलिड वाटतात हो!

गेल्या काही पावसाळ्यांत मी या रस्त्यावर मित्रांच्या (आणि मित्रांच्या मित्रांच्या) बऱ्याच बाइक्स फिरवल्या. त्यातून एकच फंडा पक्का झाला. हॉर्सपॉवर हा पार्टीत सांगायचा आकडा आहे. रस्त्यावर कामाला येतो तो टॉर्क, आणि तोही किती यापेक्षा किती आरपीएमला मिळतो ते महत्त्वाचं. आपल्याकडे याला पूर्वीपासून चांगला शब्द आहे- पिकअप.

आता उदाहरणच घ्या. रॉयल एन्फिल्डच्या क्लासिक ३५० मध्ये २०२१ पासून आलेलं ३४९ सीसीचं इंजिन. हॉर्सपॉवर फक्त वीसच्या आसपास. कॉलेजातली पोरं हसतील. पण २७ न्यूटन मीटर टॉर्क, तोही ४००० आरपीएमला. दुसरीकडे २०२३ ची केटीएम ३९० ड्यूक. जवळपास ३९९ सीसी, हॉर्सपॉवर ४५ च्या घरात, म्हणजे क्लासिकच्या दुप्पट. टॉर्क ३९ न्यूटन मीटर, पण तो पूर्ण मिळायला ६५०० आरपीएमपर्यंत जावं लागतं. असं का? इंजिनाच्या आत डोकावा. क्लासिकच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि त्यात पिस्टनची वर-खाली धाव ८५.८ मिलिमीटर. ड्यूकमध्ये नेमकं उलटं- व्यास ८९, धाव फक्त ६४. लांब धावेचं इंजिन सावकाश, दमदार पावलं टाकतं. आखूड धावेचं इंजिन भराभर फिरू शकतं आणि त्या फिरण्यातूनच ताकद काढतं. एक बैल, एक घोडा म्हणा हवं तर.

आता सापगाव सोडून किन्हवलीकडे निघा. वळण, गाव, स्पीडब्रेकर, मग अर्धा किलोमीटर मोकळा, मग रस्त्यात बसलेली गुरं, पुन्हा स्पीडब्रेकर (याला पांढरे पट्टे असतीलच असं नाही). इथे गाडी बहुतेक वेळ तिशी ते साठीत असते. क्लासिक तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये टाकून सोडा, हँडल सरळ धरा, बास. ड्यूकला मात्र सारखं पायाने सांगावं लागतं, 'खाली ये, वर जा, खाली ये.' एखाद्याला त्यातच मजा वाटते, माझी ना नाही. पण दीड तासाने डावा हात काय म्हणतो तेही विचारा.

आणि या दोघांच्या मध्ये एखादी स्प्लेंडर आरामात ओव्हरटेक करून जाते. हसू नका! ९७.२ सीसी, आठ हॉर्सपॉवर, आठ न्यूटन मीटर. १९९४ साली हिरो होंडाने आणलेली ही गाडी. २०११ मध्ये कंपनीच्या नावातून होंडा गेलं, पण गाडी अजून तीच. वजन ११२ किलो, म्हणजे क्लासिकपेक्षा ८० किलोहून जास्त हलकी. चिखलात रुतली तर एकटा माणूस बाहेर काढतो. पुढे मागे मिळून तीन माणसं, टाकीवर पोरगं, कडेला भाजीची पिशवी... हे कायद्यात बसत नाही, पण या तालुक्यांत बसवतात. इथल्या माणसासाठी ती बाईक नाही. ती एसटी चुकली तर एसटी आहे, रात्री-अपरात्री पेशंटची गाडी आहे, आणि पहाटे आसनगावची लोकल पकडायला तीच आहे.

हँडलिंगबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार, कारण या रस्त्याची खरी गंमत (आणि धोका) तिथे आहे. जुलैत भाताची आवणी सुरू असते. शेतात चिखलणी करून ट्रॅक्टर बाहेर येतो आणि चाकांबरोबर अर्धं शेत डांबरावर आणतो. त्यावर भुरभुर पाऊस. ओला साबण आणि हे, फारसा फरक नाही. मॅगझिनच्या गुळगुळीत फोटोत जी बाईक गुडघा टेकवून वळताना दिसते, तिला इथे सरळ उभी ठेवणं हेच कौशल्य.

अशा ठिकाणी हिरोची एक्सपल्स २०० मला भावली. २०१९ ला आली, २०२१ मध्ये तिला चार व्हॉल्व्हचं इंजिन मिळालं. हॉर्सपॉवर १९, म्हणजे कागदावर काहीच नाही. पण पुढचं चाक २१ इंची, पुढचा शॉकॲब्सॉर्बर १९० मिलिमीटर खाली-वर होतो, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यावरून जातं. क्लासिकचा पुढचा शॉकॲब्सॉर्बर १३० मिलिमीटरचा. जिथे क्लासिकवर मी खड्डा चुकवायला हँडल वळवतो, तिथे एक्सपल्सवर नुसता पायावर उभा राहतो. हायवेला मात्र ऐंशीच्या पुढे तिची धाप जाणवते. हिमालयनच्या नव्या अवतारात (नोव्हेंबर २०२३, ४५२ सीसी, ४० हॉर्सपॉवर, ४० न्यूटन मीटर) दोन्ही जमतं. चाक २१ इंची, शॉकॲब्सॉर्बर पुढे-मागे २००, आणि हायवेवर दम आहे. फक्त वजन १९६ किलो. ज्यांची उंची माझ्यासारखी 'मराठी मध्यमवर्गीय' आहे, त्यांनी ८२५ मिलिमीटरच्या सीटवर बसून चिखलात पाय टेकवायचा प्रयत्न शोरूममध्येच करून बघावा.

घाट लागला, की गणित फिरतं. मोरोशीच्या पुढे रस्ता चढायला लागतो, रुंद वळणं येतात, आणि रस्ता कोरडा असेल तर ड्यूक तिथे राजा आहे. सतरा इंची चाकं, रुंद टायर, १६८ किलो वजन. नजर टाकाल तिकडे गाडी. हिमालयन थोडी विचार करून वळते, क्लासिक ठरवून वळते. पण माळशेजला आपण जातो कधी? धुकं उतरलेलं असताना. वीस फुटांपलीकडचं दिसत नाही तेव्हा तुमचे ४५ हॉर्सपॉवर काय करणार? उतरताना दुसऱ्या गियरमध्ये इंजिनाचा ब्रेक लागला पाहिजे, बस्स. तिथे पुन्हा लांब धावेचं इंजिन बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल मला कुणीही मेसेज करत नाही. ब्रेक! शून्य ते साठ किती सेकंदांत, हे सगळ्यांना पाठ असतं. साठ ते शून्य किती मीटरमध्ये? साठच्या वेगाने गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. ऐंशीला बावीस. टोकावड्याच्या अलीकडे संध्याकाळी सातला एखाद्या पाड्यातून मागचा दिवा नसलेली स्प्लेंडर रस्त्यावर येते, तिच्यावर नवरा-बायको आणि मध्ये पोर. तुम्हाला ती दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच ते बावीस मीटर संपलेले असतात. खरं ब्रेकिंग त्यानंतर सुरू होतं. आणि वेग दुप्पट झाला, की थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. १२५ सीसीवरच्या बाइक्सना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. आतापर्यंतचा बाइकवाल्यांसाठी सर्वात चांगला नियम, असं माझं मत. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. चिखलावर पकड तयार करायची जादू त्याच्यात नाही, आणि खडीवर तर कधीकधी अंतर वाढतं. म्हणून पाच हजारांच्या एक्झॉस्टऐवजी त्या पैशांत चांगले टायर घ्या, हे मी ओरडून सांगतो. ऐकतं कोण?

राहता राहिलं स्टायलिंग. आकुर्डीच्या बजाजने नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर आणली, तेव्हा तोपर्यंत ॲव्हरेज विचारणारी पोरं अचानक टाकीचे खांदे बघायला लागली. २००८ च्या यामाहा एफझीने जाडजूड मागच्या टायरची फॅशन आणली. तेव्हापासून मागची सीट वर वर चढत आणि लहान लहान होत गेलीय. काही गाड्यांवर मागे बसणं म्हणजे पोस्टाच्या स्टुलावर बसून घाट चढणं. दिसायला कसली भारी, मान्य! पण मुरबाडच्या बाजारात उभं राहून मोजा, किती बाइक्सवर एकच माणूस आहे? मागे आई असते, बायको असते, नऊवारी किंवा सहावारी असते. मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम मागच्या माणसाला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारं गार्ड, हे तिन्ही मागतो, ते याचसाठी. आणि गाडी घरी आली की पोरं पहिल्यांदा काढतात काय? साडी गार्ड! लूक बिघडतो म्हणे.

मुरबाडजवळ म्हशाला पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, मोठा जनावरांचा बाजार असतो. बैलांची शिंगं रंगवलेली, गोंडे बांधलेले, झुली टाकलेल्या. स्टायलिंग एकदम झक्कास. घेणारा शेतकरी त्याकडे बघून खूश होतो, आणि मग बैलाचं तोंड उघडून दात बघतो, खूर उचलून बघतो, चार पावलं चालवून बघतो. शोरूममध्ये आपण झूल बघून ईएमआयवर सही करतो.

पैशाचंही ऐकून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइक्सवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यापुढच्या बाइक्सवर तो ४० झाला. म्हणजे क्लासिक आणि एक्सपल्स एका बाजूला, हिमालयन आणि ३९९ सीसीची ड्यूक दुसऱ्या बाजूला. तेव्हा रोज ऑफिस आणि महिन्यातून एक माळशेज एवढंच असेल, तर मी एक्सपल्स घेईन. डबलसीट नेहमीचं असेल, तर क्लासिक. लडाखचं तिकीट खरंच काढणार असाल (खरंच!), तर हिमालयन. ड्यूक ज्याला घ्यायची आहे तो मला विचारून घेत नाहीच.

टेस्ट राइडला जाल तेव्हा एकटे जाऊ नका. जिला किंवा ज्याला रोज मागे बसवणार आहात, त्यांना घेऊन जा. तिसऱ्या गियरमध्ये तीसवर गाडी आणा, गियर न बदलता ॲक्सिलरेटर द्या आणि इंजिन कुरकुरतं की ओढतं ते ऐका. मग एखादा खराब स्पीडब्रेकर शोधा, आणि उतरल्यावर मत मागच्याला विचारा.