भास्कराचार्यांचा शक आणि संगणकाचा दिनांक

चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. तेथील शिलालेख इ.स. १२०७ चा. स्वतः आचार्यांनी आपला जन्मशक आकड्यांत न लिहिता शब्दांत गुंफला आहे. रस म्हणजे सहा, गुण म्हणजे तीन, पूर्ण म्हणजे शून्य, पृथ्वी म्हणजे एक. एकक आधी, सहस्र शेवटी. उत्तर शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. नियम ठाऊक नसलेला मनुष्य हेच ६३०१ वाचील!

इतिहासाचार्य राजवाडे ज्या मराठी कागदपत्रांसाठी गावोगाव फिरले, त्यांतही हाच प्रकार दिसतो. सुहूर सन ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६३. राजवाड्यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा कागदांचा अभ्यासक प्रथम जंत्री उघडतो, मग मजकूर. कारण कालगणना चुकली की सारा इतिहास चुकतो.

आज हीच जबाबदारी संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणावर आहे. बहुतेक संगणक क्षण साठवतात तो निव्वळ संख्या म्हणून. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद लोटले, एवढेच पुष्कळ प्रणाली मोजतात. त्या संख्येचा वाचनीय मजकूर कसा करायचा, हा सर्वस्वी वेगळा प्रश्न आहे. तो न सोडवता अमेरिकी साचा जसाच्या तसा उचलला, तर ०५/०६ ही पाच जून की सहा मे, हे कोणी सांगावे? वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठरविणारे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे. यंत्रांच्या परस्पर व्यवहारात तेच वापरावे. त्यात स्वाभिमानाचा प्रश्न आणण्याचे कारण नाही.

प्रश्न येतो तो माणसाच्या डोळ्यांपुढे काय दिसावे याचा. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. राजपत्रावर हा दिनांक छापला जातो. ‘संगणकात ती सोय नाही’ ही सबब मात्र कार्यालयांत अजून ऐकू येते. ती खरी नाही. युनिकोडच्या भाषासंग्रहात भारतीय राष्ट्रीय पंचांग आहे. जावास्क्रिप्टला भाषा मराठी, पंचांग भारतीय आणि अंक देवनागरी, एवढे सांगितले की काम होते. ही गणना सौर असल्याने सोपी आहे; तिथीचे गणित अवघड असते, आणि गुढीपाडवा १ चैत्रलाच येईल असेही नाही, हे ध्यानात ठेवावे.

निमंत्रणपत्रिकेवर युगाब्द छापणाऱ्या आपल्याच संस्थांच्या पावतीपुस्तकाचे सॉफ्टवेअर महिना आधी आणि दिवस मागून छापते, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

एक पथ्य अवश्य पाळावे. १५ ऑगस्ट २०२५ हा दिवस राष्ट्रीय दिनदर्शिकेत २४ श्रावण १९४७ येतो. ‘शके’ हा शब्द गाळला, तर वाचणारा तो थेट स्वातंत्र्याच्या वर्षात नेऊन ठेवील. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना दिनांकाचा धडा देताना पाटणचा शिलालेख दाखवायला काय हरकत आहे? चाळीसगाव काही दूर नाही.