सावली सर्वांची

वैशाखातील दुपार आहे. अंगणातील कडुनिंबाच्या सावलीत आजी सुपात धान्य निवडीत बसली आहे. एवढ्यात नात खेळायला बाहेर निघते आणि आजी तिला हटकते, "अगं, एवढ्या उन्हात कुठे निघालीस? काळी पडशील ना!" नात हिरमुसली होऊन आत जाते. थोड्याच वेळाने तिचा भाऊ चेंडूफळी घेऊन त्याच उन्हात धूम ठोकतो. त्याला कोणी काही म्हणत नाही. त्या दोघांचे वडील तर सकाळपासून उघड्या रानात धसकटे वेचीत आहेत. त्यांच्या उन्हाची आठवणही कोणाला होत नाही.

मुलांनो, असे दृश्य आपल्याकडे पुष्कळ घरांत दिसते. आजीची माया खरी आणि तिचा सल्लाही योग्य. चुकले आहे ते केवळ कारण. परंतु कारण चुकले की उपाय एकाच्याच वाट्याला येतो आणि बाकीचे उन्हात राहतात. म्हणून ते कारण नीट समजून घेतले पाहिजे.

सूर्यप्रकाशात आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांखेरीज न दिसणारे किरणही असतात. जांभळ्या रंगाच्या पलीकडे असे किरण आहेत, हे १८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्यांनाच अतिनील किरण म्हणतात. वातावरणातील ओझोनचा थर त्यांपैकी पुष्कळसे अडवितो. तरी काही जमिनीपर्यंत पोचतातच. ते त्वचेच्या पेशीत शिरतात आणि ज्या आराखड्याप्रमाणे पेशी वाढते, त्या आराखड्यालाच इजा करतात. पेशी असे बहुतेक बिघाड स्वतःच दुरुस्त करते. परंतु वर्षानुवर्षे नवे बिघाड होत राहिले आणि काही तसेच राहून गेले, तर एखादी पेशी बेबंदपणे वाढू लागते. हाच त्वचेचा कर्करोग होय. त्वचेवर अकाली सुरकुत्या पडणे आणि डोळ्यांत मोतीबिंदू होणे, यांतही या किरणांचा हात असतो.

निसर्गाने यावर एक उपाय योजिला आहे. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते हे किरण शोषून घेते. ऊन लागले की शरीर हे द्रव्य अधिक तयार करते आणि आपण काळवंडतो. म्हणजे काळवंडणे हा डाग नव्हे. ती शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी उघडलेली छत्री आहे. मग तिची लाज कसली? सावळ्या वर्णाच्या लोकांत हा कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळच कमी आढळतो, तो या छत्रीमुळेच. परंतु ही छत्री अभेद्य नाही, आणि डोळ्यांना तर तिचा उपयोगच नाही. काही मुलांच्या त्वचेत जन्मतःच हे रंगद्रव्य जवळजवळ नसते. त्यांना उन्हाचा धोका सर्वांत अधिक. अशा सोबत्याला चिडविणाऱ्यापेक्षा त्याला सावलीतली जागा देणारा मुलगा मला शहाणा वाटतो.

हा धडा एका देशाने कसा घेतला, ते पाहा. ऑस्ट्रेलियात ऊन प्रखर, आणि तेथील बहुतेक लोकांचे पूर्वज युरोपातून आलेले, गोऱ्या कातडीचे. त्यामुळे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण तेथे जगात सर्वाधिक असलेल्या देशांइतके आहे. १९८१ साली तेथे एक मोहीम निघाली. दूरचित्रवाणीवर एक समुद्रपक्षी नाचत नाचत सर्वांना सांगू लागला, की अंगात सदरा चढवा, मलम लावा आणि डोक्यावर टोपी घाला. पुढे सावली शोधणे आणि काळा चष्मा लावणे या दोन गोष्टींची त्यात भर पडली. तेथील कित्येक शाळांत आज ज्याच्याजवळ टोपी नाही, त्याला मैदानात न जाता सावलीतच खेळावे लागते. हा नियम मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही, हे ध्यानात घ्या.

यावर कोणी म्हणेल, "आमचे वाडवडील जन्मभर उन्हात राबले; त्यांना काय झाले?" पण ते बोडक्या डोक्याने राबले काय? पुरुषांच्या डोक्याला मुंडासे असे, स्त्रियांच्या डोक्यावर पदर असे. पहाटेच काम सुरू होई आणि ऐन दुपारी सारे झाडाखाली विसाव्याला येत. आपण मुंडासे टाकले, पण त्याच्या जागी दुसरे काही घेतले नाही. दुसरा कोणी म्हणेल, की उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते. तेही खरेच. परंतु त्यासाठी थोडे ऊन पुरते. भाजून घेण्याची गरज नसते.

ऊन केव्हा टाळावे, हे कळायला घड्याळ लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की हे किरण प्रखर झाले असे समजावे. मे महिन्यात तर महाराष्ट्रात असा एक दिवस येतो, की मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असतो आणि सावली पायांखाली नाहीशी होते. हवा गार असली म्हणजे धोका टळला, असेही नाही. महाबळेश्वरच्या थंड वाऱ्यातही हे किरण आपले काम करीतच असतात.

उपाय साधे आहेत. रुंद काठाची टोपी किंवा पंचा, लांब बाह्यांचा सुती सदरा, झाडाची सावली. त्वचेला लावायचे ऊनरोधक मलम उपयोगी आहे. मात्र गोरे करण्याचे म्हणून जे मलम विकतात, ते हे नव्हे. अंगावरचा तीळ आकार किंवा रंग बदलू लागला, अथवा एखादी जखम कित्येक आठवडे भरून आली नाही, तर ती डॉक्टरांना दाखवावी. शाळांनीही कवायत आणि खेळ सकाळी किंवा ऊन उतरल्यावर ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता पुन्हा त्या अंगणात जाऊ. आजीने "काळी पडशील" हे शब्द तेवढे सोडून द्यावेत. मग तिच्या ध्यानात येईल, की ऊन एकट्या नातीला लागत नाही. ती नातवालाही हाक मारील, "बाळ, ऊन उतरू दे, मग दोघेही खेळा." आणि रानाकडे भाकरी पाठविताना तिच्याबरोबर एक ओला पंचा आणि एक निरोप पाठवील, "दुपारचे झाडाखाली बसा. धसकटे कुठे पळून जात नाहीत."

घरात सावली असेल, तर ती सर्वांना पुरली पाहिजे. आणि जो अधिक उन्हात राबतो, त्याला ती आधी मिळाली पाहिजे.