घामाचे माप

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात, सह्याद्रीच्या डोंगराळ मुलुखात खोडाळा हे गाव आहे. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो. परंतु ते पाणी उतारावरून वाहून जाते आणि उन्हाळा लागला की आसपासच्या पाड्यांवरील विहिरी तळ गाठतात. मग बायका डोक्यावर चुंबळ व तिच्यावर हंडा घेऊन दूरच्या पाण्याची वाट धरतात. पंधरा लिटरांचा हंडा म्हणजे नुसत्या पाण्याचेच पंधरा किलो ओझे. ते घेऊन चढण चढावयाची. अशा एखाद्या बाईला कोणी विचारले, "बाई, तुम्ही व्यायाम करता का?" तर ती हसून "नाही" म्हणेल. विचारणाऱ्याने ते उत्तर तसेच वहीत उतरून घेतले, तर कागदावर ती बाई आळशी ठरेल!

व्यायाम मोजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तालमीत जोर आणि बैठका मोजल्या जात. सूर्यनमस्कारही मोजूनच घातले जातात. परंतु संख्या हे अर्धेच माप होय. रमतगमत घातलेले पन्नास नमस्कार आणि धाप लागेपर्यंत घातलेले पन्नास नमस्कार सारखे कसे मानावे? म्हणून शास्त्रज्ञ श्रमांचा जोरही पाहतात. स्वस्थ बसलेल्या माणसाची शक्ती जेवढी खर्च होते, तिच्या तिप्पट ते सहापट खर्च करविणारे श्रम मध्यम आणि त्याहून अधिक खर्चाचे ते तीव्र. हे ओळखण्यास उपकरणच हवे असे नाही. काम करताना बोलता येते पण गाता येत नाही, तर श्रम मध्यम. चार शब्दांतच दम लागतो, तर तीव्र. प्रौढ माणसाने आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे तीव्र श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितले.

हे श्रम मैदानावरचेच असावेत असे मात्र नाही. जेरी मॉरिस या संशोधकाने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास 1953 मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतर करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. वाहक काही व्यायामशाळेत जात नव्हते. त्यांची शाळा जिन्यावरच होती.

आजकाल मनगटावरचे यंत्र पावले मोजते. रोज दहा हजार पावलांचा जो आकडा सर्वतोमुखी झाला, तो 1965 च्या सुमारास जपानात निघालेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. हे यंत्र आवणीच्या दिवशी खोडाळ्याच्या शेतात नेले तर काय होईल? चिखलात कंबरेत वाकून दिवसभर रोपे लावणाऱ्या मजुराची पावले ती किती भरणार! आणि डोक्यावरचा हंडा सावरणारा हात हलतच नाही, तेव्हा मनगटावरचे यंत्र चालणेही पुरते मोजणार नाही.

याहून जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली बरी. ती काम, ये-जा आणि फुरसतीचा व्यायाम अशा तिन्हींची विचारपूस करते. महाराष्ट्रासह देशाच्या चार भागांतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात फुरसतीचा व्यायाम करणारे शेकडा दहाहूनही कमी निघाले. परंतु सर्व श्रम जमेस धरता निष्क्रिय माणसे शेकडा 54.4 भरली. म्हणजे केवळ व्यायामाचाच प्रश्न विचारला असता, तर कितीतरी कष्टाळू माणसे आळशांच्या यादीत गेली असती.

तथापि, येथे एक धोका आहे. हंडा वाहणे हाच बाईचा व्यायाम, असे म्हणून कोणी नळाचे काम लांबणीवर टाकील, तर ते माप नव्हे, निर्दयपणा होय. व्यायाम करणारा थकला की थांबतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या मजुराला तसे थांबता येत नाही. व्यायामापाठोपाठ विश्रांती व सकस जेवण हवे. मजुराच्या ताटात पुष्कळदा नागलीची भाकरी आणि थोडे कालवण एवढेच असते. जो खर्च मोजतो, त्याने जमाही मोजली पाहिजे.

पाड्यावरून चालत शाळेत येणाऱ्या मुलामुलींना हा हिशेब सहज करता येईल. शाळेत पोचताच मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंदांतील नाडीचे ठोके मोजावेत व त्यांस चाराने गुणावे. दहा मिनिटे बसून पुन्हा मोजावेत. हे दोन आकडे वहीत लिहावेत आणि त्यांच्या शेजारी, त्या सकाळी काय खाल्ले होते, तेही लिहावे.