इअरबडने कान तपासायला हरकत का?

भातसा नदीकाठच्या सापगावात काय किंवा शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या दुसऱ्या गावात काय, डोळ्यांची दखल घेतली जाते. मोतीबिंदूची शिबिरं भरतात, चष्मे मिळतात. कानाचं मात्र राहून जातं. म्हातारा माणूस आधी टीव्हीचा आवाज वाढवतो, मग सुनेला तेच तेच विचारतो आणि शेवटी विचारणंच सोडून देतो. घरचे 'वय झालं' म्हणून विषय मिटवतात.

सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो या इअरबडसाठीच्या सॉफ्टवेअरला श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या यंत्रांत असं सॉफ्टवेअर पहिलंच. भारतात ही सोय सुरुवातीला बंद होती, तेव्हा बेंगळुरूच्या तीन तरुणांनी आजीसाठी फॉइल आणि मायक्रोवेव्हच्या मदतीने उपकरणाला आपण अमेरिकेत आहोत असं भासवलं!

याच इअरबडवर कानाची चाचणीही होते. 'गाणी ऐकायच्या वस्तूने कान कसला तपासणार?' हा त्यावरचा पहिला आक्षेप. तो टिकत नाही. दवाखान्यातल्या ऑडिओमेट्रीत जे होतं, त्याचंच हे छोटं रूप आहे. आधी खोलीत गोंगाट किती आहे आणि बड कानात नीट बसलाय का, हे फोन पाहतो. मग एकेका कानात कधी जाड, कधी बारीक सूर येतो, हळूहळू क्षीण होत जातो. ऐकू आला की बोट टेकवायचं. पाचेक मिनिटांत कोणता कान कोणत्या सुराला किती कमी पडतो, याचा आलेख समोर येतो. वयानुसार बहुधा बारीक सूर आधी जातात, म्हणून 'स', 'श' निसटतात आणि 'सात' म्हटलेलं 'हात' वाटतं. 'ऐकू येतं, पण कळत नाही' ही तक्रार खरी असते, आणि आलेखात ती दिसते.

दुसरा दावा उलट्या टोकाचा आहे: आता डॉक्टरची गरज उरली नाही. हा त्याहून घातक. बड कानात डोकावू शकत नाही. मळ घट्ट बसलाय, पडद्याला भोक आहे की कान वाहतोय, हे त्याला कळत नाही. ॲपलची श्रवणयंत्राची सोय अठरा वर्षांवरच्यांसाठी आणि सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठीच आहे. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, तर फोन बाजूला ठेवून तातडीने कानाच्या डॉक्टरकडे गेलं पाहिजे. आणि सगळेच आवाज सरसकट मोठे करणारं स्वस्त यंत्र बाजारातून आणून आजोबांच्या कानात घालणं तर साफ चूक. न ऐकू येणारा सूर नेमका उचलायचा असतो. भांड्यांचा खणखणाट वाढवून कोणाला काय मिळणार?

किमतीचा आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो. पंचवीस हजारांच्या आसपासचा बड आणि वर आयफोन, हे भातशेतीवर चालणाऱ्या घराला पेलणारं नाही. 2024 पासूनच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीवरच्या पात्र ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारख्या साहित्यासाठी एकदाच मिळतात ते 3000 रुपये.

पण ही अडचण यंत्र म्हणून वापरताना येते. चाचणीसाठी प्रत्येकाकडे बड असायला नको. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी साध्या स्मार्टफोनवर आणि ठरावीक हेडफोनवर चालणारी चाचणी तयार केली आणि आरोग्यसेविकांनी ती वस्त्यांत घरोघरी नेली. ते इथे का होऊ नये? देशात राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम 2006-07 पासून आहे, आशाताई दारोदार जातातच. उपकेंद्रात असा एक संच, पुसून स्वच्छ करता येणारी टोकं आणि पंखा बंद केलेली शांत खोली एवढं पुरे.

खरा फायदा प्रवासाच्या हिशेबात आहे. सखोल तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 पासून आहे. पण सापगावहून तिथे जायचं म्हणजे आसनगावपर्यंत रस्ता, मग लोकलने दादर आणि तिथे गाडी बदलून वांद्रे. सोबतीला घरचं माणूस, त्याचा रोज बुडतो. चाचणीत कमी ऐकू येतं असं निघालेल्यांचा कान आधी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाहिला, तर ज्यांच्या कानात नुसता मळ आहे त्यांचं काम तिथेच होईल आणि वांद्र्याची गाडी ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनीच धरायची.