छापाच्या रांगोळीविरुद्ध

दिवाळी तोंडावर आली, की सोलापूरच्या बाजारात रांगोळीचे रंगीत ढीग लागतात. आणि त्या ढिगांच्या डोक्यावर दोरीला टांगलेले असतात प्लास्टिकचे छापे : मोर, कमळ, पणती, गोपद्म. छापा भुईवर ठेवावा, वरून मूठभर रांगोळी फिरवावी, छापा उचलावा. झाली लक्ष्मीची पावले तयार! ज्यांना एवढाही धीर नाही त्यांच्यासाठी हल्ली चिकट रांगोळी निघाली आहे. ती एकदा फरशीला डकवली की पुढल्या दिवाळीपर्यंत लक्ष्मी दारातच उभी. इतका काळ तिला तिष्ठत ठेवणे बरे नव्हे. पण ते असो.

माझे भांडण या छाप्याशी आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. ते रांगोळीपुरतेही नाही. निसर्गाकडे पाहता पाहता हाताला जे आपोआप सुचते, ते रेखाटण्याची एक सवय आपल्या घराघरांत होती. ती आपण चार आण्यांच्या सोयीसाठी विकायला काढली आहे, आणि वर ‘रांगोळी किती सुबक आली!’ म्हणून एकमेकांची पाठ थोपटतो आहोत, अशी माझी तक्रार आहे.

सोलापूरच्या उंबरठ्यासारखा उंबरठा महाराष्ट्रात दुसरा नाही. एकाच बोळात मराठी बाई रांगोळी काढते, शेजारची पद्मशाली बाई ‘मुग्गु’ घालते आणि पलीकडची कानडी बाई ‘रंगवल्ली’. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, तेव्हा त्यांच्या वाटेवर रांगोळ्यांचे गालिचे पसरतात. या तिन्ही भाषांच्या बायका आधी ठिपके देतात आणि मग रेघ सोडतात. आता कुणी म्हणेल, की ठिपके म्हणजे तरी काय, छापाच की! नव्हे. ठिपके म्हणजे व्याकरण, आणि छापा म्हणजे पाठ केलेले वाक्य. ही माझी अलंकारिक भाषा समजू नका. गिफ्ट आणि राणी सिरोमनी या मद्रासच्या अभ्यासक दांपत्याने कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली तमिळ कोलमवर एक शास्त्रीय निबंध लिहिला. गणकयंत्राच्या भाषांचे व्याकरण जसे मांडतात, तसे त्यांनी कोलमचे व्याकरण मांडले. थोडे नियम घ्यावेत, आणि त्यांतून नक्षीमागून नक्षी निघत जावी! आपल्या आज्या हेच पहाटे, झोपाळलेल्या डोळ्यांनी, ओल्या सड्यावर करीत होत्या.

‘हाताला सुचते’ म्हणजे नेमके काय होते? काही मंडळींना वाटते, की सुचणे म्हणजे लहर. मनाला येईल ते फराटे ओढावेत आणि ‘आतून आले’ म्हणावे. नव्या चित्रकलेच्या नावावर असली फसवणूक पुष्कळ होते, आणि तिची तरफदारी मी करणार नाही. जे आत कधी गेलेच नाही, ते आतून येणार कुठून? आधी डोळ्यांनी पोटभर जेवावे लागते.

आणि सोलापूर जिल्ह्यात डोळ्यांच्या जेवणाला काय तोटा आहे? आपले डाळिंब फोडून पाहा. दाणे गोल नसतात, पैलूदार असतात. असे का, हा प्रश्न योहानेस केप्लर या जर्मन ज्योतिर्विदाला पडला, आणि १६११ साली हिमकणांवर लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकात त्याने उत्तर दिले, की सालीच्या आत कोंडलेले दाणे वाढता वाढता एकमेकांना दाबतात आणि त्या दाटीतून पैलू पडतात. ग्रहांच्या कक्षा शोधणारा माणूस डाळिंबाच्या दाण्यापाशी थांबला. आपण मात्र ते सोलून वाटीत टाकतो आणि मीठ मागतो! सूर्यफुलाचे बोंड घ्या. त्यातल्या बिया उजवीकडे वळणाऱ्या आणि डावीकडे वळणाऱ्या ओळींत बसलेल्या असतात. मोजल्यात तर बहुधा एकीकडे ३४ आणि दुसरीकडे ५५ भरतील. मोठे बोंड असेल तर ५५ आणि ८९. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्या पाहा. नवी भेग जुन्या भेगेला मिळते ती बहुधा काटकोनात; पण तीच माती पुन्हा पुन्हा भिजली आणि वाळली, की तिठे हळूहळू पसरत जातात आणि षट्कोनाकडे झुकतात. जमीनसुद्धा नक्षी एका दमात काढीत नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट छाप्यात कधीच सापडत नाही. नियम एकच असतो, पण दोन बोंडे सारखी नसतात, दोन भेगा सारख्या नसतात. ज्या बाईने हे पाहिले आहे तिची पाकळी कधी जराशी झुकते, वेल कोपऱ्यात अडली की वळसा घेते. छाप्याची वेल अडतच नाही, म्हणून वळतही नाही.

आमच्या चित्रकारांत प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांना हे नीट कळले होते. पान, फळ, शंख असल्या साध्या वस्तूंकडे हा माणूस वर्षानुवर्षे पाहत राहिला, रोजनिश्यांत रेखाटत आणि लिहीत राहिला. त्याचे चिंतन ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात १९९० साली आले. त्यांच्या चित्रातले पान कुठल्याच झाडाचे नसते, आणि तरी ते पानच असते. सोलापूरकरांनी ध्यानात ठेवावे असे आणखी एक आहे : हे बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. हातमागाच्या कापडासाठी नक्षी करणे हे त्यांचे पोटापाण्याचे काम होते. तेव्हा ‘ही थेरं चित्रकारांची, धंद्यात चालत नाहीत’ असे चादरीच्या व्यापाऱ्यांनी मला ऐकवू नये.

त्यांची बाजू मला ठाऊक आहे. जेकार्ड मागावर नक्षी चढवायची तर ती आधी चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते, घर आणि घर मोजून. त्यावरून पुठ्ठ्याची कार्डे पाडावी लागतात. नक्षीचा तुकडा पुन्हा पुन्हा बिनचूक जुळावा लागतो. मोकळी रेघ मागाला जशीच्या तशी मानवत नाही, हे खरेच आहे. पण कागदाच्या चौकटी हे पुन्हा ठिपकेच झाले. त्यांत तोच मोर कोंबला पाहिजे असे कुठे लिहिले आहे? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, आनंदाची गोष्ट आहे. तरी परगावचा नकली माल आपल्या नावावर खपतो, म्हणून आपण ओरडतो. मानांकनाने नावाचे रक्षण होते. उद्या काढायची नक्षी ज्या हातात आहे, त्या हाताचे रक्षण कोण करतो? त्या नक्षी काढणाऱ्यालाच आपण ‘मागच्या वर्षीचाच मोर काढ, फक्त रंग बदल’ म्हणून सांगतो आणि मग म्हणतो, गिऱ्हाइकाला नवे काही आवडत नाही!

रांगोळीच्या स्पर्धांचीही तीच गत. बक्षीस कुणाला? ज्याने पुढाऱ्याचे किंवा नटीचे छायाचित्र हुबेहूब रांगोळीत उतरवले त्याला. कसब दांडगे, यात शंका नाही. आठ-आठ तास गुडघ्यावर बसणे सोपे नाही. पण छायाचित्र आधीच झालेले असते. परीक्षक त्याची आणि रांगोळीची तुलना करतात, आणि चूक शोधतात. ठिपक्यांवरून कधी न पाहिलेली नक्षी काढणारी म्हातारी त्या मांडवात शिरतसुद्धा नाही.

आता सर्वांत खरा आक्षेप. वेळ कुठे आहे? घरात फराळ, बाहेर नोकरी, आणि वर तुमची ही कला! हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही. या शहरात हजारो बायका विड्या वळून संसार चालवतात. तेंदूचे पान पत्र्याच्या मापाने कापायचे, विडीमागून विडी सारखीच वळायची. दिवसभर जिला मापाबाहेर जाता येत नाही, तिला घरच्या उंबरठ्यावरही आपण मापच द्यावे काय? वेळ नसेल तर रांगोळी लहान काढा. पाच ठिपके आणि एक रेघ, दोन मिनिटे लागतात. आणि घरातल्या पुरुषांनी चकल्या मोजत बसण्याऐवजी एक दिवस चिमूट हातात धरली, तर रेघ वाकडी येईल, येऊ द्या.

येत्या संक्रांतीच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांकडे माझे एवढेच मागणे आहे, की एक बक्षीस वेगळे ठेवा. छायाचित्र नाही, पुस्तक नाही, मोबाईल नाही. जागेवर ठिपके द्यायचे आणि सुचेल ते काढायचे. परीक्षक म्हणून एखादी मुग्गु घालणारी आजी बसवा, आणि तिच्या शेजारी चादरीची नक्षी काढणारा एक कारागीर. वर्गणी कमी पडत असेल तर पहिल्या वर्षीच्या बक्षिसाचे पैसे मी देतो.